झुकतं माप

'उत्सुकता शिगेला पोचली' असं आपण सर्रास लिहितो. क्रिकेटच्या सामन्याबद्दल लिहितो, निवडणुकीच्या निकालाबद्दल लिहितो. पण ही शीग म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की भलेभले अडखळतात. परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार जणांना विचारून पाहिलं. दोघं म्हणाले 'शिखर'. तिसऱ्यानं 'शिगा म्हणजे लोखंडी सळया' अशी ठोकून दिली. चौथा शेतकऱ्याच्या घरातला. तो डबा बंद करता करता म्हणाला, "अहो, पायली भरल्यावर काठाच्या वर जो ढीग उभा राहतो ना, ती शीग. त्याच्यावर दाणा टाकला की घसरतो. तिथं संपलं."

तिथं संपलं! इतकी नेमकी व्याख्या मला शब्दकोशातही सापडली नसती.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या एक पितळी शेर येऊन बसला आहे. (वजनाचा नव्हे, मापाचा. दोन वेगळ्या गोष्टी. पूर्वी 'वजनी' आणि 'कैली' असा फरक करत. तराजूत घालून मोजायचं ते वजनी, भांड्यात भरून मोजायचं ते कैली.) येत्या मार्गशीर्षात चिरंजीवांचं लग्न आहे हे नातेवाईक वाचकांना माहीत आहेच. त्या निमित्तानं गावाहून काकू आली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ही वस्तू तिनं बायकोच्या हातात दिली. म्हणाली, "तुझ्या आजेसासूनं हेच ओलांडलं, तुझ्या सासूनं हेच ओलांडलं, मीही हेच. आता तुझी सून स्टीलच्या तांब्यावरून घरात यायला नको." काकूचं वय ऐंशीच्या पुढे. एसटीनं साडेतीन तास मांडीवर घेऊन आली होती.

नव्या पिढीच्या माहितीसाठी : नवी नवरी उंबऱ्यावर ठेवलेलं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडून घरात येते, त्याला माप ओलांडणं म्हणतात. हल्ली कलश चालतो, तांब्या चालतो, कार्यालयवाल्यांकडे तर मोती लावलेलं काहीतरी तयारच असतं. पण शब्द 'माप'च राहिला. धान्याच्या व्यवहारातलं रोजचं भांडं उंबऱ्यावर जाऊन बसलं, कारण घरात धान्य येणं आणि घरात लक्ष्मी येणं ही एकच गोष्ट होती.

आमच्या आजीला कोष्टक तोंडपाठ होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे १२ पायल्यांचा मण (काही ठिकाणी १६ चा), आणि २० मणांची खंडी. सगळं दुपटीनं वाढत जाणारं, म्हणजे अर्धं करायचं तर डोळ्यांनी करता यावं. दशमान पद्धत शास्त्रीय खरी, पण पोतं वाटून घ्यायचं तर दोन भाग, चार भाग, आठ भाग करणंच सोपं. खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन... आजी घरात तांदूळ मोजतानाही तसंच मोजायची.

असो. आता दोषाकडे येतो.

बायकोनं ते माप चिंच लावून घासलं, धुतलं आणि ओट्यावर पालथं घातलं. तासाभरानं पाहते तर खाली पाण्याचं थारोळं. पुसलं. परत पाणी. उचलून हलवलं तर आत पाणी खुळखुळतंय आणि भांडं तर रिकामं! बुडाखाली बोट फिरवलं तेव्हा कडेनं गेलेली एक बारीक भेग हाताला लागली. पाणी त्या भेगेतून आत गेलं होतं आणि तिथूनच थेंबाथेंबानं बाहेर येत होतं. म्हणजे या शेराला दोन तळ आहेत. खालचा एक, आणि त्याच्या वर, आतल्या बाजूनं, दुसरा.

दोन तळांचं माप! आणि आमचं पणजोबांपासून किराण्याचं नि धान्याचं दुकान. मंडळी, तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं.

पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. अजूनही तिथं ठोक्यांचा आवाज ऐकू येतो, जरी पूर्वीइतका नाही. तिथल्या एका वयस्क कारागिरांकडे माप घेऊन गेलो. त्यांनी आत बोट घातलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आतली चकती मागून बसवली आहे. डाग फार सफाईनं दिलाय. मूळ बूड कडेनं गेलं होतं. ते काढून नवं घालायचं तर काम मोठं, म्हणून वरूनच चकती घातली." मला हायसं वाटलं. म्हणजे दुरुस्तीच ना? तर म्हणाले, "दुरुस्ती असली तरी अशीच करतात. चोरी असली तरी अशीच करतात."

घरी येऊन मोजमाप केलं. आतला व्यास १० सेंटीमीटर, सगळीकडे सारखा. आतली खोली आज १३ सेंटीमीटर आहे, मूळ तळापर्यंत ती १४ भरली असती. म्हणजे हे भांडं घडवणाऱ्यानं साधारण ११०० मिलीलिटरचं घडवलं होतं, आज त्यात १०२० मिलीलिटर पाणी मावतं. चौदा भागांतला एक भाग गेला. एका शेरात हा फरक मूठभर ज्वारीचा आहे, गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही. पण १२ पायल्यांच्या मणात ४८ शेर. मणामागे जवळजवळ साडेतीन शेर गायब.

फोनवर हे सांगितलं तर दादाकाका उखडलेच. "आमच्या आजोबांवर चोरीचा आळ घेतोस?" मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, माप म्हणतंय. ते म्हणाले, मापाला काय कळतं! (काका रागावले की फार मुद्द्याचं बोलतात.)

मापाला खरंच काय कळतं, याचा विचार मी गेले महिनाभर करतो आहे. त्यासाठी थोडा इतिहास चाळला.

पहिली गोष्ट म्हणजे 'बरोबर' शेर कुठला? ब्रिटिशांनी १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा पक्का केला. नंतरचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. त्यामुळे ज्याच्याकडे वजनं नसत तो तराजूत ८० रुपये टाकून शेर करी. आजच्या भाषेत ९३३ ग्रॅम. त्याआधी रुपयेच इतक्या टांकसाळींचे, अंकुशी, चांदवडी आणि कोणकोणते, की त्यांच्यावर आधारलेलं वजन एकसारखं असणं शक्यच नव्हतं. तरी १८३३ चा हा तोळा गावोगाव पोचला असं समजू नका. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आतला. बंगालचा मण ८२ पौंडांच्या वर, सव्वासदतीस किलोचा. नाव एकच, माल तिप्पट! कापसाचा भाव आजही खंडीवर सांगतात आणि ती खंडी ३५६ किलोची असते. ती ७८४ पौंडांच्या जुन्या मुंबई खंडीची नात आहे.

ही झाली वजनं. कैली मापांचा गोंधळ याहून मोठा, कारण भांड्यात धान्य कसं भरता यावर सगळं अवलंबून. हळूच सोडलं तर कमी मावतं, उंचावरून ओतून ठोकलं तर जास्त. आणि सगळ्यात वादाची गोष्ट म्हणजे शीग. माप काठोकाठ द्यायचं की शीग लावून? इंग्लंडनं शीग लावून विकण्याची पद्धत १८३० च्या दशकात कायदा करून बंद केली. त्याआधी १७८९ मध्ये फ्रान्समधल्या गावांनी राजाकडे ज्या तक्रारी लिहून पाठवल्या त्यांत जमीनदारांच्या मापाविषयीच्या तक्रारी भरपूर आहेत. सगळीकडे एक राजा, एक वजन, एक माप हवं अशी मागणी होती. राजाचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. मापाचं मात्र झालं, त्यातूनच मीटर आणि किलोग्रॅम निघाले.

आपल्याकडे हा मुद्दा किती जुना असावा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा 'पौतवाध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. खोट्या मापाला दंड आहे. इथवर ठीक. पण त्याच प्रकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार दिले आहेत. राजाचं उत्पन्न जमा करताना द्रोण २०० पलांचा. बाजारात व्यवहाराला १८७ १/२ पलांचा. नोकरचाकरांना वाटायला १७५ पलांचा. आणि अंतःपुरात द्यायला १६२ १/२ पलांचा. नाव चारी ठिकाणी द्रोणच! घेताना मोठं, देताना लहान, आणि घरातल्या बायकांना सगळ्यांत लहान. हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. प्रत्येक पायरीला मूळ मापाचा सोळावा हिस्सा कमी. आमच्या शेरात चौदावा. म्हणजे पणजोबांनी चोरी केलीच असेल तर दर तरी चाणक्याच्या आसपासचा ठेवला होता.

काकांना हे सांगितलं तर ते खूश झाले. मला मात्र त्यात खूश होण्यासारखं काही दिसेना. राज्य उघडपणे चार द्रोण ठेवतं आणि कुठल्या कामाला कुठला ते लिहून ठेवतं, तो एक प्रकारचा करच आहे, वाईट असेल पण उघड आहे. तळाखाली तळ ही गोष्ट वेगळी.

आमचं गाव सुप्यापासून फार लांब नाही. सुपे म्हटलं की इतिहासाच्या लोकांना १२ मे १८७५ आठवतो. त्या दिवशी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं नि घरं लुटली आणि मुख्य म्हणजे कर्जरोखे जाळले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. दख्खनचे दंगे. अनेक ठिकाणी लोकांनी सावकाराच्या अंगाला हात लावला नाही, फक्त कागद मागितले. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यात गावोगावी दस्त नोंदणारे अधिकारी, कुळाला पावती देण्याची सक्ती, अशा तरतुदी होत्या. सगळा भर कागदावर. सावकार खोटं लिहितो, कुळाला वाचता येत नाही, म्हणून लिहिण्यावर देखरेख.

पण धान्याचा व्यवहार नुसता कागदावर होत नव्हता. पेरणीच्या वेळी एक मण बी न्यायचं आणि सुगीला सव्वा मण परत करायचं, ही सवाई. दीड मण परत करायचं, ती दिढी. चार-सहा महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के. त्यात देतानाचं माप चौदाव्या हिश्शानं लहान असेल आणि घेतानाचं पूर्ण, वर शीग लावलेलं, तर सवाईची दिढी कधी झाली ते वहीला कळणारच नाही. वहीत लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं असेल. कारण वहीत 'शेर' एवढंच लिहितात. कुठला शेर ते उंबऱ्याच्या आत असतं.

पणजोबांनी दुकान टाकलं ते या दंग्यांनंतर पुष्कळ वर्षांनी. ते रोखे लिहून घेणारे सावकार नव्हते असं घरात सांगतात. उधारी होती, बियाणंही देत असत.

सरकारला मापांचं कळत नव्हतं असं नाही. कोकणाची पाहणी केलेला थॉमस बेस्ट जर्व्हिस हा इंजिनियर १८३० च्या दशकातच साऱ्या हिंदुस्थानाला एकच शास्त्रीय मोजमाप असावं म्हणून पुस्तकं लिहीत होता. १८७१ मध्ये तर कलकत्त्याच्या सरकारनं कायदाच केला, आणि गंमत म्हणजे त्यातला शेर एका किलोग्रॅमचा होता! तो कधी अमलात आला नाही. आला असता तर आपल्या आजीच्या आजीनं किलोत तांदूळ मोजले असते आणि त्याला शेरच म्हटलं असतं. मग १९१३ मध्ये एक कमिटी, मग मुंबई प्रांताचा १९३२ चा कायदा, मग १९३९ चा मध्यवर्ती कायदा. शेवटी १९५६ चा कायदा आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक. त्याआधी एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आलेच होते. दादाकाका तेव्हा शाळेत होते. शेराचे किलो आणि आण्याचे पैसे करता करता मास्तरांनी किती छड्या मारल्या ते अजून सांगतात.

प्रांताच्या कायद्यांनंतर दुकानातल्या मापांवर निरीक्षकाचा शिक्का असावा लागे. आमच्या शेरावर शिक्का नाही. काकांच्या बाजूनं हा चांगला पुरावा आहे, निदान कायदा आल्यावर तरी हे माप दुकानात वापरात नसणार. शिवाय काठाखाली टिंबाटिंबांनी पणजीचं नाव घातलं आहे आणि पुढे 'शके १८२९', म्हणजे १९०७. दुकानातल्या मापावर बाईचं नाव कशाला? पण भांड्यावर नाव कधीही घालून मिळतं. घरातलं माप दुकानात जातं, दुकानातलं बाद झालं की घरात येतं. (शके १८२९ च्या आधी काही वर्षं पणजीचं लग्न झालेलं होतं, म्हणजे तिनं हे ओलांडलं असलं तर नाव नसलेलं ओलांडलं. काकूनं फक्त आजीपासूनच मोजलं आहे, तेव्हा तो प्रश्न तूर्त सोडून देऊ.)

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लहान माप कुणाचा तोटा करतं? विकताना वापरलं तर गिऱ्हाइकाचा. पण शेतकऱ्याकडून धान्य घेताना हेच माप लावलं तर दुकानदाराचा! त्याच भांड्यानं देणं आणि घेणं दोन्ही होत असेल तर कुणाचाच नाही. म्हणजे नुसतं भांडं पाहून काही ठरत नाही. त्याच्या शेजारी दुसरं माप होतं का, आणि कुठलं केव्हा हातात येई, यावर सगळं आहे. ते दुसरं माप आमच्याकडे नाही. काकूला विचारलं तर म्हणाली, "होता एक लोखंडी. भंगारात दिला तुझ्या काकानं." कुठल्या साली, केवढा, काही आठवत नाही.

मग एका रविवारी मी ज्वारी आणली. आधी माप काठोकाठ भरून वर पट्टी फिरवली. मग शीग लावली, दाणा घसरायला लागेपर्यंत. शिगेवरचे दाणे वेगळे काढून मोजले. तीनदा केलं. शीग भरते सुमारे ७५ मिलीलिटरची. आणि चकतीनं खाल्लेली जागा आहे ७९ मिलीलिटरची.

म्हणजे ही चकती घातल्यानंतर ज्यानं शीग लावून मोजलं, त्यानं पूर्वीचा काठोकाठ शेर जवळजवळ पुरा दिला. बूड फुटलं, चकती घातली, 'आता हे शीग लावून द्यायचं हं' असं दुकानातल्या गड्याला सांगितलं, असं घडलेलं असू शकतं. कारागीर मुद्दाम तेवढीच चकती वर घेईल का? की हा निव्वळ योगायोग? व्यासाच्या भांड्यावर शीग किती राहणार हे दाण्याच्या स्वभावावर ठरतं, आणि तळ दुहेरी करायचा तर बोटभर तरी जागा जाणारच. मला योगायोगाचीच शक्यता जास्त वाटते. बायको म्हणते मला तसं वाटतं कारण मी कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही.

तांबट आळीतले ते गृहस्थ चकती काढून नवं बूड घालून द्यायला तयार आहेत. मी नको म्हटलं आहे. काकूला चकतीबद्दल अजून काही सांगितलेलं नाही, तिला फक्त बूड गळतं एवढंच माहीत आहे, आणि तांदूळ काही गळत नाहीत असं तिचं म्हणणं. लग्नात हेच माप उंबऱ्यावर असेल. होणाऱ्या सूनबाईंना मी सगळी हकीकत सांगितली. ती ऑडिटर आहे. तिनं माप हातात घेतलं, हलवून कानाशी धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, जुन्या वह्या आहेत का?"

आहेत. दादाकाकांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत तीन चोपड्या आहेत, लाल कापडाच्या, लांबट. पण सगळ्या मोडीत, आणि आमच्या घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस म्हणजे आजोबा. काका ट्रंक उघडायला तयार झालेत (रागात का होईना, 'बघच तू' म्हणून). मला हवी आहे ती एखादी नोंद : तांबटाला दिलेले पैसे, माप दुरुस्ती, डाग, काहीही. किंवा मग आवक नि जावक यांना वेगवेगळी मापं लिहिलेली आहेत का ते. आकडे मी लावीन, अक्षर लागत नाही. वाचकांपैकी कुणाला मोडी येत असेल तर कृपया कळवा. पानांचे फोटो काढून पाठवतो. घाई एवढ्यासाठी की माळा गळतो आणि एका चोपडीला कसर लागली आहे.